वजनाचा रकाना

केस पेपरवर वय आणि उंचीच्या शेजारी वजनाचा एक लहानसा रकाना असतो. लठ्ठपणा आणि अंडाशयाचा कर्करोग यांच्या संबंधावर गेली तीन वर्षे मी ज्या प्रकल्पात काम करते आहे, त्यात जुन्या नोंदींमधला हा रकाना वाचणे, तो आमच्या तक्त्यात उतरवणे आणि मग त्या आकड्यांचे सांख्यिकी विश्लेषण करणे हे माझ्याकडचे मुख्य काम आहे. सुरुवातीला मला वाटले होते की खरी कसोटी विश्लेषणात लागेल; वजनाचे काय, काट्यावर दिसले ते लिहायचे. पहिल्या पंधरवड्यातच ही समजूत मोडली.

ती मोडणारा केस पेपर मला अजून डोळ्यांसमोर दिसतो. (ओळख पटू नये म्हणून येथे आकडे थोडे बदलले आहेत.) पन्नाशी ओलांडलेली स्त्री, उंची १५३ सेंटिमीटर, दाखल झाली त्या दिवशी वजन ७२ किलो. तिसऱ्या दिवसाच्या नोंदीत वजन ६६ किलो आणि समासात वेगळ्या शाईने लिहिलेले: ‘पोटातील पाणी काढले, ६ लिटर’. त्याच फाइलमध्ये मागे एक पिवळा पडलेला कागद होता. वर्षभरापूर्वी रक्तदाब तपासायला आली असताना तिचे वजन ६९ किलो नोंदवले होते. किलोमधील वजनाला मीटरमधील उंचीच्या वर्गाने भागले की बीएमआय मिळतो. पहिल्या वजनाने तो ३०.८ येतो, दुसऱ्याने २८.२ आणि तिसऱ्याने २९.५. प्रचलित वर्गवारीत ३० च्या वर लठ्ठ आणि २५ ते ३० म्हणजे जादा वजन, म्हणजे तीन दिवसांत ही बाई लठ्ठांच्या यादीतून बाहेर पडली होती, आणि तिच्या शरीरातील चरबीत मात्र या काळात काहीही फरक पडला नव्हता.

तिन्ही आकडे काट्याने खरेच सांगितले होते. प्रश्न असा होता की आम्ही विचारत असलेल्या प्रश्नाचे उत्तर त्यांपैकी कोणता देतो. अंडाशयाचा कर्करोग पसरला की पोटाच्या पोकळीत पाणी साचते, त्याला जुन्या वैद्यकात जलोदर म्हणतात, आणि ते काही लिटर भरते. त्याच वेळी भूक मंदावते, हातापायांवरचे मांस झडते. म्हणजे हा आजार एका हाताने वजन वाढवतो आणि दुसऱ्या हाताने घटवतो, आणि निदानाच्या दिवशी काट्यावर दिसते ती या दोन्हींची बेरीज. अशा वजनावरून ‘वजनामुळे आजार झाला का’ असे विचारणे म्हणजे पूर ओसरल्यावरच्या खुणांवरून पाऊस किती पडला ते ठरवण्यासारखे आहे. अंदाज येतो, पण त्यात पुराने स्वतः केलेली उलथापालथही मिसळलेली असते.

म्हणूनच या क्षेत्रातील अभ्यासांत निदानाच्या वेळच्या वजनावर विसंबत नाहीत. वर्षभरापूर्वीचे, किंवा त्याहून मागचे, अठराव्या वर्षीचे, तिशीतले, पाळी जाण्याच्या सुमाराचे वजन विचारतात. हे विचारायला मी काही मुलाखतींना स्वतः बसले आहे. वजन कुणालाही किलोत आठवत नाही, ते प्रसंगात आठवते. कुणी सांगते, दुसऱ्या बाळंतपणानंतर उतरलेच नाही. कुणी सांगते, नोकरी सुटली त्या वर्षी फार खाली आले होते. एका बाईंनी बराच विचार करून सांगितले की कॉलेजात असताना रक्तदानाच्या वेळी वजन कमी म्हणून त्यांचे रक्त घेतले नव्हते, आणि त्या एका आठवणीवरून आम्ही त्यांच्या विशीतल्या वजनाची निदान वरची मर्यादा बांधू शकलो. पण आठवणीला एक खोड असते. आजारी माणूस कारण शोधत असतो, आणि निरोगी माणसाला तसे काही शोधायचे नसते, त्यामुळे दोघांच्या आठवणी एकाच मापाने घासलेल्या नसतात. रुग्ण आणि निरोगी यांची मागे वळून तुलना करणाऱ्या केस-कंट्रोल अभ्यासांचा हा जुना दुखरा भाग आहे.

त्यावर उपाय म्हणजे आधी निरोगी स्त्रियांचे वजन मोजायचे आणि मग वर्षानुवर्षे वाट पाहायची. उपाय निर्दोष आहे, फक्त अंडाशयाचा कर्करोग त्या मानाने दुर्मीळ आहे. २०२२ मध्ये जगभरात त्याचे सुमारे ३,२४,००० नवे रुग्ण नोंदले गेले आणि सुमारे २,०७,००० मृत्यू झाले. त्याच वर्षी स्तनाच्या कर्करोगाच्या नव्या रुग्णांची संख्या सुमारे २३ लाख होती. एक लाख स्त्रियांचा दहा वर्षे पाठपुरावा केला तरी हाती लागणारे रुग्ण शेकड्यांतच मोजावे लागतात, आणि त्यांचे वजन, वय, अपत्ये, गर्भनिरोधक गोळ्या असे गट पाडत गेले की प्रत्येक खणात मूठभर उरतात. त्यामुळे या प्रश्नाची जी काही भक्कम उत्तरे आहेत ती अनेक देशांतील कच्ची माहिती एकत्र करूनच मिळाली आहेत.

त्यांतले सर्वांत मोठे काम २०१२ मध्ये प्रसिद्ध झाले. १४ देशांतील ४७ अभ्यासांतून अंडाशयाचा कर्करोग झालेल्या २५,१५७ आणि न झालेल्या ८१,३११ स्त्रियांची माहिती एका ठिकाणी आणून ती नव्याने तपासण्यात आली. रजोनिवृत्तीनंतर दिली जाणारी संप्रेरके ज्या स्त्रियांनी कधीच घेतली नव्हती, त्यांच्यात बीएमआय दर ५ एककांनी वाढला की जोखीम सुमारे १० टक्क्यांनी वाढत होती. ज्यांनी ती घेतली होती त्यांच्यात अशी वाढ दिसली नाही. उंचीचाही संबंध निघाला, दर ५ सेंटिमीटरला सुमारे ७ टक्के. उंचीचा मुद्दा सहसा कुणी सांगत नाही, कारण त्यावर करण्यासारखे काही नाही आणि उंच असल्याबद्दल कुणाला बोल लावता येत नाही.

हे १० टक्के काय आहेत ते जरा जवळून पाहावे, कारण बातम्यांच्या मथळ्यांत याच आकड्याचा सर्वाधिक गैरवापर होतो. १६० सेंटिमीटर उंचीच्या स्त्रीसाठी बीएमआयची ५ एकके म्हणजे जवळजवळ १३ किलो. आयुष्यभरात साधारण शंभरात एका स्त्रीला हा आजार होतो असे धरले, तर हजार स्त्रियांत दहा. त्या सगळ्यांचे वजन १३ किलोंनी जास्त असते तर दहाच्या जागी अकरा. याउलट गर्भाशयाच्या अस्तराचा कर्करोग घेतला तर अतितीव्र लठ्ठपणात जोखीम सुमारे सात पट होते. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने २०१६ मध्ये शरीरातील जादा चरबीशी संबंध पुरेसा सिद्ध झाला आहे अशा १३ कर्करोगांची यादी दिली. त्यात हे दोन्ही आहेत, गर्भाशयाचे अस्तर ७.१ पट जोखमीवर आणि अंडाशय १.१ पटीवर. यादीत दोघांची नावे सारख्याच टायपात छापली जातात, आणि वाचणाऱ्याला दोन्ही धोके सारखेच वाटतात.

१.१ हा आकडा माझा पिच्छा सोडत नव्हता. इतका लहान परिणाम म्हणजे एक तर खरोखरच लहान परिणाम, किंवा मोठा परिणाम कशात तरी विरघळून पातळ झालेला. प्रकल्पात आल्यावर काही महिन्यांनी आमच्या गटातील विकृतिशास्त्रज्ञ बाईंनी मला सूक्ष्मदर्शकाखाली दोन काचपट्ट्या शेजारी शेजारी दाखवल्या. एकीवर पेशी नळ्यानळ्यांनी मांडल्यासारख्या, जवळजवळ गर्भाशयाच्या अस्तरासारख्या. दुसरीवर वेडीवाकडी केंद्रके, मधे फटी, जिकडे तिकडे विभागणाऱ्या पेशी. मी विचारले, हे कोणते दोन अवयव आहेत? त्या म्हणाल्या, तुझ्या तक्त्यात दोघींच्या समोर एकच शब्द लिहिला आहेस.

अंडाशयाचा कर्करोग हे खरे तर अनेक आजारांना मिळालेले एकच नाव आहे. सर्वांत जास्त आढळतो तो उच्च श्रेणीचा, म्हणजे पेशी फार बिघडलेल्या आणि झपाट्याने वाढणाऱ्या, सीरस प्रकार. तो बहुतेक वेळा अंडाशयात सुरूही होत नाही. त्याची सुरुवात बीजवाहिनीच्या झालरीसारख्या टोकाशी होते आणि तिथून तो अंडाशयावर उतरतो, असे या शतकाच्या सुरुवातीपासून बीआरसीए जनुकांत दोष असलेल्या (म्हणून या कर्करोगाचा धोका जास्त असलेल्या) स्त्रियांच्या शस्त्रक्रियांत काढलेल्या बीजवाहिन्या बारकाईने तपासल्यावर दिसू लागले. एंडोमेट्रिऑइड आणि क्लिअर सेल या प्रकारांचे नाते एंडोमेट्रिओसिसशी आहे, म्हणजे गर्भाशयाच्या अस्तरासारखी ऊती जिथे नको तिथे वाढण्याच्या विकाराशी. म्युसिनस प्रकार पुन्हा वेगळा, आणि सीमारेषेवरच्या, पूर्ण कर्करोग न म्हणता येणाऱ्या गाठी त्याहून वेगळ्या. हे सगळे आम्ही वर्षानुवर्षे एका माळेत ओवत आलो.

२०१३ मध्ये १५ केस-कंट्रोल अभ्यासांतील साडेतेरा हजार रुग्णांची माहिती प्रकारवार वेगळी करून पाहण्यात आली, तेव्हा १.१ चे कोडे बरेचसे उलगडले. बीएमआयच्या दर ५ एककांमागे सीमारेषेवरच्या सीरस गाठींची जोखीम २४ टक्क्यांनी, म्युसिनसची १९ टक्क्यांनी, एंडोमेट्रिऑइडची १७ टक्क्यांनी आणि कमी श्रेणीच्या सीरस प्रकाराची १३ टक्क्यांनी जास्त निघाली. सर्वांत घातक आणि सर्वांत जास्त आढळणाऱ्या उच्च श्रेणीच्या सीरस प्रकाराशी मात्र संबंध जवळपास शून्य होता. संख्येने तोच सर्वांत मोठा असल्यामुळे सरासरी काढताना त्याने बाकीच्यांना खाली ओढले होते. या अभ्यासात संप्रेरके घेणाऱ्या आणि न घेणाऱ्या स्त्रियांमध्ये फरक आढळला नाही, म्हणजे २०१२ च्या निष्कर्षाशी तो एका ठिकाणी जुळत नाही. हा तिढा मला अप्रामाणिकपणाचा वाटत नाही. दोन्ही ठिकाणी स्त्रिया वेगळ्या, प्रश्न विचारण्याची रीत वेगळी आणि संप्रेरकांच्या गोळ्यांचे घटकही वेगवेगळ्या काळात वेगवेगळे.

आठवणीच्या आणि पोटातल्या पाण्याच्या अडचणीतून सुटण्याची आणखी एक वाट आहे, आणि ती मला फार देखणी वाटते. काही जनुकीय भेदांमुळे वजन किंचित वाढण्याकडे कल असतो. हे भेद गर्भधारणेच्या क्षणी पत्त्यांसारखे वाटले जातात; नंतर होणारा आजार ते बदलू शकत नाही, आणि मुलाखतीतली आठवणही नाही. तेव्हा प्रत्यक्ष वजनाऐवजी हे भेदच वजनाच्या जागी ठेवून तुलना करायची. २०१६ मध्ये असे केल्यावर उच्च श्रेणीचा सीरस प्रकार सोडून उरलेल्या कर्करोगांत दर ५ एककांमागे सुमारे २९ टक्के वाढ दिसली आणि उच्च श्रेणीच्या सीरस प्रकारात ठामपणे सांगण्यासारखी वाढ दिसली नाही. अगदी वेगळ्या दारातून शिरूनही आपण त्याच खोलीत पोहोचलो, की त्या खोलीवरचा विश्वास वाढतो.

जोखीम वाढते तर ती कशी, याची उत्तरे शरीरक्रियेत शोधावी लागतात, आणि तिथे सोपी उत्तरे फसवी निघतात. चरबी म्हणजे निव्वळ साठवण नव्हे हे आता सर्वांना ठाऊक आहे. मेदऊतीत ॲरोमॅटेज नावाचे विकर असते, ते इतर संप्रेरकांपासून इस्ट्रोजेन बनवते. पाळी गेल्यावर अंडाशयांचे काम थांबते तेव्हा शरीरातील इस्ट्रोजेनचा मुख्य स्रोत हीच ऊती असते. लठ्ठपणात इन्शुलिन वाढते, आणि त्यामुळे यकृतात बनणारे, लैंगिक संप्रेरकांना बांधून ठेवणारे प्रथिन कमी होते, म्हणून मोकळे इस्ट्रोजेन आणखी वाढते. त्यात सतत धुमसणारा हलका दाह. एंडोमेट्रिऑइड प्रकाराला हे वर्णन चपखल बसते, कारण तो गर्भाशयाच्या अस्तराचा जवळचा भाऊबंद आहे. गर्भाशयाच्या अस्तराला जे सात पट भोवते, ते या प्रकाराला थोडे भोवावे यात नवल नाही.

पण याच शरीरात दुसरी एक गोष्ट उलट दिशेने ओढत असते. १९७१ मध्ये महमूद फतल्ला यांनी अशी कल्पना मांडली की दर महिन्याला अंडे बाहेर पडताना अंडाशयाचा पृष्ठभाग फाटतो आणि भरून येतो, आणि ही अखंड फाटाफूट आणि डागडुजीच कर्करोगाची वाट मोकळी करते. गरोदरपणात आणि गर्भनिरोधक गोळ्या घेताना अंडविमोचन थांबते, आणि या दोन्ही गोष्टींनी जोखीम खरोखरच घटते. गोळ्या घेतलेल्या दर पाच वर्षांमागे सुमारे २० टक्के, असे २००८ च्या एका मोठ्या एकत्रित विश्लेषणात दिसले. आता वजन जास्त असलेल्या अनेक तरुण स्त्रियांत पाळी अनियमित असते आणि अंडविमोचन चुकते. फतल्लांच्या हिशेबाने त्यांची जोखीम कमी व्हायला हवी. दुसरीकडे, अंडविमोचन चुकणाऱ्या स्त्रियांना अपत्ये कमी असू शकतात आणि गर्भनिरोधक गोळ्या घेण्याची गरज कमी पडू शकते, म्हणजे दोन संरक्षक गोष्टी हातच्या जातात. एकच गोष्ट, चुकलेले अंडविमोचन, एका वाटेने रक्षण करते आणि दोन वाटांनी रक्षण काढून घेते. अशा गुंत्यातून वजनाचा स्वतःचा वाटा किती, हे सांख्यिकीने सोडवताना मी अनेक संध्याकाळी एकाच तक्त्यासमोर घालवल्या आहेत. तक्त्यात आणखी एक घटक धरला की आकडा हलतो, आणि तो धरणे योग्य की अयोग्य हे तक्ता सांगत नाही.

आजार सुरू होण्याचा प्रश्न वेगळा आणि पसरण्याचा वेगळा, हे मला प्रयोगशाळेत गेल्यावर नीट समजले. पोटात आतड्यांसमोर पदरासारखी लोंबणारी चरबीची एक चादर असते, तिला ओमेंटम म्हणतात. अंडाशयाच्या कर्करोगाच्या पेशी सुटल्या की त्यांचे आवडते ठिकाण हेच. शिकागो विद्यापीठातील अर्न्स्ट लेंगयेल यांच्या गटाने २०११ मध्ये दाखवले की ओमेंटमच्या मेदपेशी काही रेणू सोडून कर्करोगपेशींना जणू हाका मारतात, आणि त्या येऊन चिकटल्या की आपल्यातील स्निग्ध पदार्थ त्यांना देऊ लागतात; कर्करोगपेशी ते जाळून वाढतात. या देवाणघेवाणीत एफएबीपी-४ नावाच्या वाहक प्रथिनाचा मोठा हात आहे.

आमच्या ओळखीच्या एका संशोधिकेने मला अशा पेशी एकत्र वाढवताना दाखवल्या. कर्करोगपेशी बशीच्या तळाला धरून बसतात. पण मेदपेशी, चरबीच असल्यामुळे, तेलाच्या थेंबांसारख्या द्रवावर तरंगतात. दोघींची भेटच होत नाही. म्हणून मेदपेशींना जेलीत रोवून खाली धरावे लागते. दोन दिवसांनी रंग चढवून पाहिले तर एकट्या वाढलेल्या कर्करोगपेशी जवळजवळ कोऱ्या होत्या, आणि मेदपेशींच्या शेजारच्या पेशींत बारीक चमकणारे थेंब भरलेले होते, दुकानातून पिशव्या भरून निघालेल्या माणसांसारखे. मी तिला विचारले, ही चरबी लठ्ठ स्त्रीची आहे का? ती म्हणाली, नाही, बारीक बाईंची आहे. ओमेंटम सगळ्यांनाच असते. हे वाक्य मी वहीत लिहून ठेवले. ‘चरबी कर्करोगाला खायला घालते’ हे बशीत खरे आहे, पण त्यावरून ‘जास्त चरबी असलेल्या बाईचा कर्करोग जास्त पसरतो’ अशी उडी मारता येत नाही. त्यासाठी वेगळा पुरावा लागतो आणि तो अजून बराच विस्कळीत आहे.

बीएमआयबद्दल दोन शब्द, कारण त्याच्यावर राग काढणे आता फॅशनच झाले आहे. एकोणिसाव्या शतकात बेल्जियमच्या अडॉल्फ केटले यांनी लोकसमूहांचे वर्णन करण्यासाठी हे सूत्र वापरले. त्याला आजचे नाव १९७२ मध्ये ॲन्सेल कीज यांच्या लेखातून मिळाले. चरबी आहे की स्नायू, ती कमरेभोवती आहे की मांड्यांवर, हे ते सांगत नाही. आशियाई लोकसमूहांत कमी बीएमआयलाही धोके सुरू होतात म्हणून जागतिक आरोग्य संघटनेच्या तज्ज्ञांनी २००४ मध्ये २३ आणि २७.५ हे वेगळे टप्पे सुचवले. हे सगळे मान्य करूनही मी ते वापरते, कारण वीस वर्षांपूर्वीच्या केस पेपरवर कमरेचा घेर कुणी लिहिलेला नाही.

आजार झाल्यानंतरच्या आयुष्यावर वजनाचा परिणाम पाहताना तर बीएमआयपेक्षा मोठी अडचण औषधाच्या मात्रेची आहे. केमोथेरपीतील पॅक्लिटॅक्सेलची मात्रा शरीराच्या पृष्ठभागाच्या क्षेत्रफळावरून ठरते, आणि ते काढण्याचे प्रसिद्ध सूत्र १९१६ मध्ये अवघ्या नऊ व्यक्तींच्या मोजमापांवरून बांधलेले आहे. कार्बोप्लॅटिन या दुसऱ्या औषधाची मात्रा १९८९ च्या कॅल्व्हर्ट सूत्राने मूत्रपिंडाच्या क्षमतेवरून ठरते, आणि ती क्षमता अंदाजे काढताना पुन्हा वजन येतेच. वजनदार स्त्रीसाठी हिशेब केला की आकडा मोठा येतो आणि डॉक्टरांचा हात अडखळतो; क्षेत्रफळ २ चौरस मीटरच्या पुढे गेले तरी २ च धरायचे, अशी पद्धत अनेक ठिकाणी वर्षानुवर्षे चालली. हेतू अपाय टाळण्याचा होता. परिणाम असा, की त्या स्त्रियांना औषध कमी मिळाले. अमेरिकेतील कर्करोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०१२ मध्ये स्पष्ट सांगितले की प्रत्यक्ष वजनानुसार पूर्ण मात्रा द्यावी. तेव्हा जुन्या नोंदींत ‘लठ्ठ रुग्ण कमी जगले’ असे दिसले, की पहिल्यांदा मी मात्रेचा कागद काढते. अनेकदा तो फाइलमध्ये नसतो.

आता माझ्या थोरल्या मावशीबद्दल लिहिते, कारण या विषयाकडे मी तिच्यामुळे वळले. ती अंगाने जाड होती, पहिल्यापासून. साठीच्या आसपास तिला पोट फुगल्यासारखे वाटू लागले, दोन घासांत भरू लागले, लघवीला वारंवार जावे लागू लागले. ती ज्या डॉक्टरांकडे गेली त्यांनी पोटावर हातही न ठेवता वजन उतरवायला सांगितले. तिने उतरवले. म्हणजे तिला वाटले की तिने उतरवले. हात, चेहरा, खांदे सुकले आणि पोट तेवढे राहिले, आणि भेटायला येणारी माणसे तिचे कौतुक करीत राहिली. सात-आठ महिन्यांनी सोनोग्राफी झाली तेव्हा आजार पोटभर पसरलेला होता. अहवालातले शब्द तेव्हा मला कळले नव्हते. प्रकल्पात आल्यावर मी तो कागद पुन्हा उघडला. उच्च श्रेणीचा सीरस, असे त्यावर लिहिलेले आहे, म्हणजे नेमका तो प्रकार ज्याचा वजनाशी संबंध जवळपास सापडत नाही. एका व्यक्तीबाबत कारण सिद्ध करता येत नाही हे मी इतरांना शिकवते, आणि तरीही आज मला असे म्हणावेसे वाटते की तिच्या वजनाने आजार आणला असण्याची शक्यता फार थोडी होती, मात्र त्या वजनाने तो झाकला हे नक्की.

२००७ मध्ये बार्बरा गॉफ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी लक्षणांचा जो निर्देशांक मांडला, त्यात अशाच तक्रारी आहेत: पोट किंवा ओटीपोट दुखणे, पोट फुगणे किंवा त्याचा घेर वाढणे, पटकन भरल्यासारखे होणे किंवा खाणे अवघड जाणे, आणि या गोष्टी वर्षभराच्या आत सुरू झालेल्या आणि महिन्यातून १२ हून अधिक दिवस होणाऱ्या. या लक्षणांनी आजार नेहमीच लवकर सापडतो असे नाही. निरोगी स्त्रियांची सरसकट तपासणी करून मृत्यू टाळता येतील का, हे ब्रिटनमध्ये दोन लाखांहून अधिक स्त्रियांवर रक्तातील सीए-१२५ या प्रथिनाची पातळी आणि सोनोग्राफी वापरून तपासले गेले, आणि २०२१ मध्ये उत्तर आले की मृत्यूंचे प्रमाण घटले नाही. त्यामुळे तक्रार घेऊन आलेल्या बाईकडे नीट पाहणे, याहून चांगले साधन आज तरी आपल्याकडे नाही. आणि जाड बाईकडे पाहताना नजर तिच्या जाडीपाशीच थांबते, ही गोष्ट कोणत्याही तक्त्यात मोजलेली मला दिसत नाही.

वजन उतरवले तर जोखीम उतरते का, असे मला ओळखीच्या स्त्रिया विचारतात. स्वीडनमधील एका अभ्यासात, जो २००९ मध्ये प्रसिद्ध झाला, लठ्ठपणावर शस्त्रक्रिया झालेल्या स्त्रियांत सर्व कर्करोग मिळून प्रमाण सुमारे ४० टक्क्यांनी कमी दिसले, पण अंडाशयाच्या कर्करोगाच्या रुग्ण एवढ्या थोड्या होत्या की वेगळे काही म्हणता येऊ नये. अमेरिकेतील ४८,८३५ स्त्रियांच्या आहार-चाचणीत स्निग्ध पदार्थ कमी केलेल्या गटात पहिली चार वर्षे काही फरक नव्हता, नंतरच्या वर्षांत अंडाशयाचा कर्करोग कमी दिसला. मात्र त्या स्त्रियांचे वजन फारसे उतरले नव्हते, म्हणून श्रेय वजनाला द्यावे की आहाराला, हे तिथेच अडते. मी त्यांना सांगते की वजन आटोक्यात ठेवायला हृदय, साखर आणि गर्भाशयाचे अस्तर ही कारणे पुरेशी भक्कम आहेत. अंडाशयाचे नाव पुढे करून घाबरवण्याची गरज नाही.

गेल्या वर्षी नव्या रुग्णांसाठीचा आमचा फॉर्म मी बदलून घेतला. वजनाच्या एका रकान्याचे आता चार झाले आहेत: वर्षभरापूर्वीचे, दाखल होतानाचे, पाणी काढण्यापूर्वीचे आणि पाणी काढल्यानंतरचे, शिवाय काढलेले पाणी किती आणि कमरेचा घेर किती. वॉर्डातल्या सिस्टरांनी सुरुवातीला कपाळाला आठ्या घातल्या, आणि ते रास्तच होते, कारण काम त्यांचे वाढले होते. मागच्या आठवड्यात आलेल्या फॉर्मांत एकावर चारही रकाने भरलेले होते आणि खाली पेन्सिलीने एक ओळ होती: ‘वॉर्डचा काटा बदलला आहे. नवीन काटा जुन्यापेक्षा अर्धा किलो जास्त दाखवतो, मी स्वतः उभी राहून पाहिले.’ त्यासाठी माझ्या तक्त्यात रकाना नव्हता. तो मी त्याच दिवशी जोडला.